मर्जचा त्रास कमी कसा करायचा? टूल बदलण्याआधी ब्रांचचं वय बघा

प्रश्न थोडक्यात असा: नऊ जणांची टीम आहे, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) वापरतात, प्रत्येक फीचरची वेगळी ब्रांच, म्हणजे कोडची स्वतंत्र चालणारी प्रत असते आणि ती तीन-चार आठवडे चालते. रिलीजच्या आधी सगळ्या ब्रांच एकत्र, म्हणजे मर्ज करताना दोन-दोन दिवस जातात. एवढं करूनही कधी कुणाचा बदल गायब होतो, कधी मिटवलेला बग परत उगवतो. तर मर्जसाठी चांगलं टूल घ्यावं का, मर्ज सोडून रीबेस (आपले बदल समोरच्या ब्रांचच्या टोकावर पुन्हा रचणं) करावं का, आणि हे काम एकाच अनुभवी माणसाकडे सोपवावं का?

टूलने फरक पडतो, पण थोडा. रीबेस की मर्ज या वादाने जवळजवळ काहीच पडत नाही. एका माणसाचं काय ते शेवटी बघू. तुमचं खरं दुखणं प्रश्नातल्या "तीन-चार आठवडे चालते" या शब्दांतच आहे.

मर्ज करताना गिट तीन गोष्टी बघतं: तुमच्या ब्रांचचं टोक, समोरच्या ब्रांचचं टोक आणि दोघांचा शेवटचा सामाईक कमिट (नोंदवलेला बदल), म्हणजे बेस. बेसनंतर एकाच बाजूने एखादी ओळ बदलली असेल तर तो बदल गुपचूप उचलला जातो. दोघांनी तीच किंवा अगदी लगतची ओळ वेगवेगळी बदलली असेल तर कॉन्फ्लिक्ट, म्हणजे निवड माणसाने करायची. मधले पन्नास कमिट कोणत्या क्रमाने झाले आणि कशासाठी झाले, याच्याशी मर्जला देणंघेणं नसतं. ब्रांच जितकी जुनी तितका बेस मागे राहतो आणि दोन टोकांमधलं अंतर वाढतं.

हे सरळ रेषेत वाढलं असतं तरी परवडलं असतं. नऊ ब्रांच एकाच वेळी चालू असतील तर एकमेकींना भिडू शकतील अशा ३६ जोड्या होतात. एखाद्या जोडीत टक्कर होण्याच्या जागा ढोबळमानाने दोन्ही बाजूंच्या बदलांच्या गुणाकारासारख्या वाढतात. दोघांनी दुप्पट कोड बदलला की एकमेकांच्या वाटेत येण्याच्या जागा चौपट. आता उलट हिशोब करा. ब्रांचचं आयुष्य निम्मं केलं तर मर्जची वेळ दुप्पट वेळा येईल, पण दरवेळचा त्रास चौथाई असेल, म्हणजे एकूण निम्मा. शिवाय माणसाची आठवण या गणितात धरलेलीच नाही. कालची ओळ का बदलली हे डोक्यात ताजं असतं. तीन आठवड्यांपूर्वीच्या ओळीसाठी ती लिहिणाऱ्यालाच कमिट मेसेज शोधत बसावं लागतं, आणि तुमच्या दोन दिवसांतला मोठा वाटा तिथेच जात असणार.

रोज इंटिग्रेट करा, म्हणजे सगळ्यांचं काम एकत्र आणा, हा सल्ला एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या पद्धतीचे लोक नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून देत आहेत. तरीही लांब ब्रांच टिकून आहेत, त्याला दोन कारणं मला दिसतात. एक म्हणजे जुनी भीती. गिटच्या आधी रुळलेल्या सबव्हर्जन या टूलमध्ये कोणता बदल कुठे मर्ज झाला याची नोंद ठेवण्याची सोय जून २००८ मध्ये, १.५ आवृत्तीत आली. तोवर लोक रिव्हिजन नंबर हाताने लिहून ठेवत. त्या काळात मर्ज टाळणं हे शहाणपणच होतं, आणि ती सवय पुढच्या पिढीला वारशात मिळाली. दुसरं कारण गिट-फ्लो, म्हणजे ब्रांच कशा काढायच्या आणि जोडायच्या याची एक पद्धत, ज्यात फीचर पूर्ण होईपर्यंत त्याची ब्रांच वेगळी चालते. व्हिन्सेंट ड्रिसेन यांनी जानेवारी २०१० मध्ये ती पद्धत मांडली आणि अनेक टीमनी ती जशीच्या तशी उचलली. पुढे मार्च २०२० मध्ये त्यांनी स्वतःच वर टीप जोडली, की सतत रिलीज होणाऱ्या वेब सॉफ्टवेअरसाठी याहून साधी पद्धत घ्या. पद्धत उचलणाऱ्यांपैकी ती टीप किती जणांनी वाचली, देव जाणे.

"पण आमचं फीचरच तीन आठवड्यांचं आहे"

हे उत्तर हमखास येतं. फीचर तीन आठवड्यांचं असू द्या, ब्रांच तेवढी असण्याची गरज नाही. इथे एक भेद लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कोडमधले बदल दोन जातींचे असतात: इतरांच्या ओळींना हात लावणारे, आणि नव्या फाइलमध्ये आपल्यापुरते वाढणारे. कॉन्फ्लिक्ट जवळजवळ सगळे पहिल्या जातीतून येतात. म्हणून पहिल्या जातीचं आयुष्य तासांत मोजा. दुसऱ्या जातीला त्यामानाने सवड आहे.

समजा अपलोड झालेल्या फाइल आज सर्व्हरच्या डिस्कवर ठेवता आणि त्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर (नेटवर्कवरच्या वेगळ्या फाइल-साठ्यावर) न्यायच्या आहेत. नेहमीच्या पद्धतीने ब्रांच काढली, जिथे जिथे डिस्कवर लिहिणारा कोड होता तिथे तिथे नवा कोड घातला, आणि तीन आठवड्यांनी तीसेक फाइल बदललेली ब्रांच घेऊन मेनच्या, म्हणजे मुख्य ब्रांचच्या दारात उभे राहिलात. दरम्यान त्या तीस फाइलमध्ये इतर आठ जणांचं कामही चालूच होतं.

त्याऐवजी असं करा. पहिल्या दिवशी फक्त मध्ये एक इंटरफेस, म्हणजे मधला सामाईक थर घाला आणि सगळ्या जुन्या कॉलना त्याच्यामार्फत न्या. आत जुनाच डिस्कचा कोड राहू द्या, वागणूक तसूभरही बदलू नका. या बदलाने तीस फाइलना हात लागेल, म्हणून टीमला आधी सांगा, सकाळी काढा, लगेच रिव्ह्यू करून घ्या आणि त्याच दिवशी मेनमध्ये घाला. मग ऑब्जेक्ट स्टोरेजचा कोड नव्या फाइलमध्ये लिहायला घ्या. तो अजून कुणी कॉल करत नाही, त्यामुळे अर्धामुर्धा असतानाही रोज मेनमध्ये जाऊ शकतो. बिल्ड आणि टेस्ट तेवढ्या चालल्या पाहिजेत. शेवटी एका फ्लॅगच्या (कोडमधल्या चालू-बंद स्विचच्या) आधारे जुन्यावरून नव्याकडे वळवा, आणि सगळं स्थिर झालं की जुना कोड आणि फ्लॅग दोन्ही काढून टाका. या पद्धतीला ब्रांच बाय अ‍ॅब्स्ट्रॅक्शन म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम एवढंच आहे: सामाईक ओळींना हात फक्त सुरुवातीला आणि शेवटी लागतो.

डोरा हा संशोधन गट याबाबत जे मार्गदर्शन करतो त्यात सक्रिय ब्रांच तीन किंवा त्याहून कमी ठेवा आणि दिवसातून निदान एकदा मुख्य ब्रांचमध्ये मर्ज करा, असं म्हटलं आहे. नऊ जणांना लगेच तिथे पोचता येणार नाही. पण कोणतीही ब्रांच दोन दिवसांपेक्षा जुनी होऊ द्यायची नाही, एवढा नियम महिनाभर पाळून बघा.

फ्लॅग फुकट मिळत नाही, हेही सांगितलं पाहिजे. फ्लॅग टाकतानाच तो काढण्याचं टिकेट तयार करा आणि जुन्या फ्लॅगचं नाव नव्या कामाला कधीही वापरू नका. ऑगस्ट २०१२ मध्ये नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीने नेमकं हेच केलं होतं. नवा कोड आठपैकी एका सर्व्हरवर पोचला नव्हता. तिथे तोच फ्लॅग लागल्यावर जुना, मेलेला कोड जागा झाला, आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४० कोटी डॉलरहून अधिक फटका बसला.

नावं बदलणं, फाइल हलवणं, फॉरमॅट करणं

रीफॅक्टरिंग (वागणूक न बदलता कोडची रचना सुधारणं) आणि फीचर एकाच ब्रांचमध्ये घालणं हे मोठ्या कॉन्फ्लिक्टचं सगळ्यात नियमित कारण आहे. फीचर लिहिता लिहिता एखाद्या वर्गाचं नाव खटकतं, बदलावंसं वाटतं. जरूर बदला, पण वेगळी ब्रांच काढून, आधी मेनमध्ये घालून, आणि मग आपली ब्रांच त्यावर आणून.

फाइल हलवण्याबाबत एक अर्धवट सल्ला सगळीकडे फिरतो: हलवणं एका कमिटमध्ये आणि बदलणं दुसऱ्या कमिटमध्ये करा. इतिहास वाचण्यासाठी ते चांगलंच आहे. पण मर्जला मधले कमिट दिसत नाहीत हे वर आलंच आहे. गिट नाव बदलल्याची नोंद ठेवत नाही. बेस आणि टोक यांची तुलना करून मजकूर निदान ५० टक्के सारखा असेल तर फाइल हलवली असावी, असा अंदाज बांधतं. तुम्ही एका ब्रांचमध्ये आधी फाइल हलवली आणि मग निम्म्याहून जास्त पुन्हा लिहिली, तर कमिट दोन असोत की वीस, मर्जच्या वेळी गिटला एक फाइल काढलेली आणि एक नवी आलेली दिसेल. समोरच्याने जुन्या फाइलमध्ये केलेले बदल मग लोंबकळत राहतात. तेव्हा नुसते वेगळे कमिट पुरत नाहीत. हलवणं स्वतंत्रपणे मेनमध्ये जावं, आणि इतरांनी ते आपापल्या ब्रांचमध्ये घेतल्यावरच मजकुराला हात लावावा.

फॉरमॅटिंगसाठी ब्लॅक, प्रिटियर, गोएफएमटी यांपैकी तुमच्या भाषेला चालेल ते बसवा आणि सीआयमध्ये (दर बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) सक्तीचं करा, म्हणजे मोकळ्या जागांवरून होणारे कॉन्फ्लिक्ट संपतात. अडचण येते ती पहिल्यांदा सगळा कोड फॉरमॅट करताना, कारण त्या एका कमिटने चालू असलेल्या सगळ्या ब्रांच अडकतात. त्यातून निघायची वाट अशी. मेनमध्ये फॉरमॅटिंगच्या बरोबर आधीचा जो कमिट आहे, तिथपर्यंतचं मेन तुमच्या ब्रांचमध्ये मर्ज करा. मग तुमच्या ब्रांचवर तोच फॉरमॅटर, त्याच सेटिंगने चालवा आणि कमिट करा. आता फॉरमॅटिंगचा कमिट 'गिट मर्ज -एस अवर्स' वापरून मर्ज करा. याचा अर्थ, तो कमिट घेतला असं नोंदव पण मजकूर माझाच ठेव. तुमचा मजकूर आधीच फॉरमॅट झालेला असल्यामुळे काही गमावत नाही. पुढचं मेन मग नेहमीसारखं मर्ज करा. अट एकच, त्या कमिटमध्ये फॉरमॅटरच्या कामाशिवाय दुसरा एकही बदल नसावा. आणि '-एस अवर्स' व '-एक्स अवर्स' यांत गल्लत करू नका. पहिला समोरची बाजू पूर्ण टाकून देतो, दुसरा फक्त कॉन्फ्लिक्टच्या जागी आपली बाजू घेतो.

ठरावीक फाइल दरवेळी का भांडतात

गेल्या सहा महिन्यांत कोणत्या फाइल सगळ्यात जास्त कमिटमध्ये आल्या ते 'गिट लॉग --नेम-ओन्ली' वरून मोजून बघा. वरच्या दहा-पंधरा नावांत तुमच्या कॉन्फ्लिक्टचा मोठा भाग सापडेल. राउटची (कोणता पत्ता कोणत्या कोडकडे जातो याची) यादी, भाषांतराच्या स्ट्रिंग, चेंजलॉग (बदलांची यादी), डिपेंडन्सीची लॉक फाइल (वापरलेल्या बाहेरच्या पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी), आणि सगळ्यांना लागतं म्हणून फुगत गेलेली एखादी 'युटिल्स'. इथे दोष माणसांचा नसतो, फाइलच्या रचनेचा असतो. प्रत्येकजण यादीच्या शेवटी एक ओळ घालतो, आणि दोघांनी एकाच जागी घातलेल्या दोन ओळी म्हणजे कॉन्फ्लिक्ट.

चेंजलॉगचं उत्तर दोन मोठ्या प्रकल्पांनी सारखंच काढलं. गिटलॅबने आणि पायथनच्या मुख्य प्रकल्पाने एका सामाईक फाइलमध्ये ओळ घालण्याऐवजी प्रत्येक बदलासाठी एक छोटी स्वतंत्र फाइल ठेवायला सुरुवात केली आणि रिलीजच्या वेळी त्या आपोआप एकत्र केल्या. तुमच्या राउटच्या किंवा सेटिंगच्या फाइललाही हेच लागू होतं: मोड्यूलगणिक तुकडे करा. तुकडे करता येत नसतील तर यादी वर्णक्रमाने ठेवा, म्हणजे नव्या ओळी वेगवेगळ्या जागी पडतात. गिट अ‍ॅट्रिब्यूट्स या सेटिंग फाइलमध्ये 'मर्ज=युनियन' लिहून दोन्ही बाजूंच्या ओळी ठेवायला सांगता येतं. पण ओळींचा क्रम कसाही लागू शकतो, म्हणून कोडच्या फाइलना ते लावू नका.

लॉक फाइल हाताने मर्ज करू नका. मूळ डिपेंडन्सीची यादी नीट करा आणि टूलला नवी लॉक फाइल बनवू द्या. एनपीएम हे जावास्क्रिप्टचं पॅकेज टूल तर ५.७ पासून कॉन्फ्लिक्ट असलेली लॉक फाइल इन्स्टॉल चालवल्यावर स्वतःच सोडवतं. डेटाबेस मायग्रेशनला (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइलना) १, २, ३ असे क्रमांक देत असाल तर दोघांचा क्रमांक एक होणारच. रेल्स या वेब फ्रेमवर्कने २००८ मध्ये २.१ आवृत्तीत क्रमांकांऐवजी तारीख-वेळ घेतली ती याचसाठी. जँगो या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये मायग्रेशनची दोन टोकं तयार झाली तर 'मेकमायग्रेशन्स --मर्ज' आहे.

कॉन्फ्लिक्ट न येता तुटलेला कोड

मिटवलेला बग परत येतो असं तुम्ही लिहिलं आहे, म्हणून हा भाग जास्त महत्त्वाचा. कॉन्फ्लिक्ट निदान ओरडून सांगतो, हा बिघाड गप्प बसतो. उदाहरणार्थ, एका ब्रांचमध्ये 'थांबा' या फंक्शनचा आकडा सेकंदांवरून मिलिसेकंदांवर नेला आणि तेव्हा असलेल्या सगळ्या कॉलमध्ये आकडे बदलले. दुसऱ्या ब्रांचमध्ये, दुसऱ्याच फाइलमध्ये, कुणीतरी 'थांबा(५)' असा नवा कॉल टाकला. दोन्ही ब्रांचच्या टेस्ट हिरव्या. मर्ज बिनतक्रार, एकही कॉन्फ्लिक्ट नाही. आणि मेनमध्ये आता पाच सेकंदांऐवजी पाच मिलिसेकंद थांबणारा कोड आहे. फंक्शनचं नाव बदललं असतं तर निदान कंपायलरने पकडलं असतं. अर्थ बदलला, त्यामुळे कुणीच पकडत नाही.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही लागतात. पहिला, अर्थ बदलायचा असेल तर नवं नाव द्या. 'थांबा_मिलि' आणा, जुने कॉल हळूहळू तिकडे न्या, आणि जुनं एकही उरलं नाही की ते काढा. दुसरा, टेस्ट ब्रांचवर चालवून समाधान मानू नका. ब्रांच आताच्या मेनमध्ये मिसळल्यावर जो कोड तयार होईल, त्यावर चालवा. मर्ज क्यू हेच करते. पुल रिक्वेस्ट (ब्रांच मेनमध्ये घेण्याच्या विनंत्या) रांगेत लागतात, प्रत्येक विनंती रांगेतल्या पुढच्यांसह मेनमध्ये मिसळून तपासली जाते, आणि हिरवी निघाली तरच आत जाते. रस्ट भाषेच्या प्रकल्पात बॉर्स नावाचा बॉट हे काम फार आधीपासून करतो. गिटहबची मर्ज क्यू जुलै २०२३ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली, गिटलॅबमध्ये तिला मर्ज ट्रेन म्हणतात. पण टेस्ट चालायला दीड तास लागत असेल तर रांग तुंबेल आणि लोक पुन्हा मोठ्या ब्रांचकडे वळतील. मर्ज सुधारायचा म्हणून आधी टेस्टचा वेळ कमी करावा लागणं, हे फार वेळा होतं.

समोर कॉन्फ्लिक्ट आलाच तर

आजच्या आज एक सेटिंग बदला: 'मर्ज डॉट कॉन्फ्लिक्टस्टाइल' ला 'झेडडिफ३' द्या. गिट २.३५ पासून ते आहे, जुनं गिट असेल तर 'डिफ३'. याने कॉन्फ्लिक्टमध्ये दोन बाजूंबरोबर बेसही दिसतो. त्याने काय होतं ते बघा. नावं समजायला सोपी जावीत म्हणून मराठीत लिहिली आहेत.

<<<<<<< आपली बाजू
पाठवा(ग्राहक, यादी, ३)
=======
पाठवा(ग्राहक, गाळलेली_यादी)
>>>>>>> त्यांची बाजू

तीन म्हणजे किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा तो आकडा. आता सांगा, तो आपण घातला की त्यांनी काढला? इथे दिसतं त्यावरून कुणालाच सांगता येणार नाही, आणि अंदाजाने ठोकलेलं उत्तर निम्म्या वेळा चुकेल. बेस दाखवा:

||||||| बेस
पाठवा(ग्राहक, यादी)

म्हणजे तीन आपण घातला, त्यांनी फक्त यादी बदलली. बरोबर उत्तर: पाठवा(ग्राहक, गाळलेली_यादी, ३). पण बेस असा असता तर?

||||||| बेस
पाठवा(सदस्य, यादी, ३)

सदस्याचा ग्राहक दोघांनीही केला. त्यांनी त्याशिवाय यादी बदलली आणि पुन्हा प्रयत्न करणं मुद्दाम काढलं. आता बरोबर उत्तर त्यांचीच ओळ. दोन्ही वेळा बाजू त्याच होत्या, उत्तरं वेगळी निघाली. मिटवलेला बग परत येण्याचं हे नेहमीचं दार आहे: कुणीतरी काढलेली गोष्ट दुसऱ्याने "दोन्ही ठेवू या" म्हणून परत आत घेतली.

बदल गायब होतात ते बहुधा दुसऱ्या दाराने. कंटाळून कुणीतरी अख्ख्या फाइलला "आपली बाजू घ्या" म्हणतो. त्या क्षणी गिटच्या लेखी दोन्ही बाजू मिसळलेल्या असतात, त्यामुळे टाकून दिलेला बदल पुढच्या कोणत्याही मर्जमध्ये आपसूक परत येत नाही. रीबेस करताना धोका अधिक, कारण तिथे 'अवर्स' म्हणजे ज्याच्यावर रीबेस करताय ते मेन, आणि 'थेअर्स' म्हणजे तुमचे स्वतःचे कमिट. मर्जच्या नेमकं उलट. हे तपासायला गिट २.३६ पासून '--रीमर्ज-डिफ' हा पर्याय आहे. 'गिट शो' बरोबर तो एखाद्या मर्ज कमिटला लावा. गिट तो मर्ज पुन्हा आपोआप करून बघतं, आणि माणसाने त्यात काय वेगळं केलं तेवढंच दाखवतं. गेल्या रिलीजच्या मर्जवर हे चालवून बघा, गायब झालेले बदल कुठे गेले ते तिथेच सापडतील. कॉन्फ्लिक्ट असलेल्या मर्जचा रिव्ह्यू यानेच करावा. नेहमीच्या डिफमध्ये डोळे फुटले तरी ते दिसत नाही.

'रेरेरे डॉट एनेबल्ड' चालू करा. एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट पुन्हा तसाच आला तर गिट आधीचं उत्तर लावतं. चुकीचं उत्तरही ते तितक्याच निष्ठेने लक्षात ठेवतं, त्यामुळे 'गिट रेरेरे फर्गेट' ही कमांड माहीत असू द्या.

रीबेस की मर्ज

दोन दिवसांच्या ब्रांचला काहीही करा. तीन आठवड्यांच्या ब्रांचला काहीही केलं तरी दुखेल. फक्त स्वतःपुरती असलेली ब्रांच रीबेस करायला हरकत नाही. दोघांनी वापरलेली ब्रांच करू नका, आणि करायचीच झाली तर '--फोर्स-विथ-लीज' ने पुश करा.

स्क्वॉश मर्जचा (ब्रांचचे सगळे कमिट एकाच नव्या कमिटमध्ये गोळा करून घालण्याचा) एक सापळा मात्र माहीत हवा. तुम्ही पहिल्या ब्रांचवरून दुसरी काढली आणि पहिली स्क्वॉश होऊन मेनमध्ये गेली. आता मेनमध्ये तोच बदल एका नव्या कमिटच्या रूपात आहे, तर दुसऱ्या ब्रांचमध्ये जुन्या कमिटांच्या रूपात. गिटला हे दोन्ही एकच आहेत हे कळत नाही, आणि तुम्ही स्वतःच्याच कोडशी कॉन्फ्लिक्ट सोडवत बसता. उपाय 'गिट रीबेस --ऑन्टो': मेनवर ठेव, पण पहिल्या ब्रांचच्या जुन्या टोकानंतरचेच कमिट घे.

आत्ता चालू असलेल्या ब्रांचचं काय

नवा नियम उद्यापासून लागेल, पण आजच्या तीन आठवड्यांच्या ब्रांच तर आहेतच. एखादी मोठी ब्रांच एका दमात मर्ज करू नका. आधी तिच्यातून रीफॅक्टरिंगचे आणि नवीन फाइलचे कमिट वेगळे काढून मेनमध्ये घाला. उरलेली ब्रांच तेवढ्यानेच बरीच बारीक होते. मग मेन टप्प्याटप्प्याने आत घ्या: थेट टोक नाही, आधी आठवडाभरापूर्वीचं मेन, मग चार दिवसांपूर्वीचं, मग आजचं. प्रत्येक टप्प्याला बिल्ड आणि टेस्ट. कॉन्फ्लिक्ट तेवढेच असतील, पण प्रत्येक वेळी कोणत्या बदलाशी भांडण आहे ते कळेल. मर्ज करून बघायचं पण वर्किंग डिरेक्टरीला धक्का लावायचा नाही, यासाठी गिट २.३८ पासून 'गिट मर्ज-ट्री --राइट-ट्री' आहे. रोज रात्री प्रत्येक चालू ब्रांचची मेनशी आणि एकमेकींशी अशी चाचणी घेणारी छोटी स्क्रिप्ट लिहिता येते, आणि कोणत्या दोघांनी आज बोलायला हवं ते सकाळीच कळतं.

चुकीचा मर्ज मेनमध्ये गेला आणि तो रिव्हर्ट केला, म्हणजे उलट कमिट करून मागे घेतला, तर लक्षात ठेवा: ब्रांच दुरुस्त करून पुन्हा मर्ज केल्यावर जुने कमिट परत येत नाहीत. ते आधीच मर्ज झाले आहेत असं गिट समजतं, आणि फक्त दुरुस्तीचे नवे कमिट आत येतात. आधी तो रिव्हर्ट रिव्हर्ट करावा लागतो, मग ब्रांच मर्ज करायची.

आता शेवटचा प्रश्न, एका माणसाकडे मर्ज सोपवण्याचा. लिनक्स कर्नेलमध्ये लिनस टॉर्वाल्ड्स उपविभागांच्या शाखा स्वतः मर्ज करतात, हे उदाहरण लोक हमखास देतात. पण तिथे दोन गोष्टी आधी घडलेल्या असतात. स्टीफन रॉथवेल यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या लिनक्स-नेक्स्ट या शाखेत उपविभागांचं येऊ घातलेलं काम कामाच्या दिवशी रोज एकत्र करून बघितलं जातं, त्यामुळे बहुतेक टकरी दोन आठवड्यांची मर्ज विंडो उघडण्याआधीच माहीत झालेल्या असतात. आणि कॉन्फ्लिक्ट येणार असेल तर तो कुठे येईल आणि कसा सोडवावा हे उपविभागाचा मेंटेनर पुल रिक्वेस्टमध्येच लिहून देतो. यातलं काहीही न करता तुमच्या टीममधल्या अनुभवी माणसासमोर नऊ ब्रांच टाकल्या, तर वरच्या उदाहरणातला तीन कुणी घातला नि कुणी काढला याचा अंदाज तो एकटा बांधत बसेल. कॉन्फ्लिक्ट ज्या दोघांच्या ओळींमध्ये आहे त्या दोघांनी एका स्क्रीनसमोर बसून सोडवावा. त्या अनुभवी माणसाला रात्रीच्या स्क्रिप्टचा निकाल बघण्याचं आणि दोन दिवसांहून जुन्या झालेल्या ब्रांचच्या मालकाला गाठून "यातलं आज काय आत घालता येईल?" विचारण्याचं काम द्या.